हात मोकळे, बाई

शिस्तीबद्दल कोणी माझं कौतुक केलं की मला राग येतो. त्या माणसाचा नाही, माझाच. नोकरीत होते तेव्हा लोक म्हणायचे, "तुमच्यासारखी काटेकोर बाई पाहिली नाही." मी हसून मान डोलवायची. हा काटेकोरपणा मी कुठे शिकले ते सांगायची, पण तो कोणाला भोवला ते कधीच सांगितलं नाही. आता सांगते. उशीर फार झालाय, आणि उशिरा सांगितल्याचा काही उपयोग नसतो हेही मला तिथेच शिकवलं होतं.

पालघरला आमच्या शाळेच्या मागे भाताची गिरणी होती, आणि गिरणी नि शाळा यांच्यामध्ये एक मोकळं मैदान. चीनची लढाई होऊन गेल्यावर गावोगाव मुलींना लाठी शिकवायची टूम निघाली होती. बहुतेक ठिकाणी ती सहा महिन्यांत विरली. आमच्याकडे टिकली, कारण आमच्याकडे बाई होत्या. खरं तर त्या शाळेत शिवण शिकवायच्या. पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ, लहान वयात विधवा झालेल्या. कपाळ रिकामं, दोन्ही मनगटं रिकामी. तरुणपणी पुण्याला लाठी शिकल्या होत्या. शिवणाच्या तासाला त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नसे. मैदानात मात्र गिरणीतले हमाल हातातलं पोतं धरून वळून बघत.

वर्ग पाच ते सहा. आम्ही वीसेक मुली होतो. सफाळ्याच्या दोघी वर्गासाठी थांबत आणि नंतरच्या गाडीने घरी जात. लाठी हातात द्यायच्या आधी बाईंनी आम्हाला पंधरा दिवस नुसतं वागायला शिकवलं. चपला रांगेत काढायच्या. आल्यावर जमिनीला हात लावून नमस्कार करायचा. कोणाची लाठी ओलांडायची नाही, आपल्या लाठीवर म्हाताऱ्यासारखं रेलायचं नाही, आणि दुसरीला द्यायची तर फेकायची नाही, दोन्ही हातांनी आडवी द्यायची. जोडीत खेळताना वार करणारीने आधी विचारायचं, "सावध?" समोरचीने "सावध" म्हटल्याशिवाय लाठी हलवायची नाही. कोणी चुकलं तर हसायचं नाही. याचा मला फार जाच व्हायचा. काही मुली चुकायच्याच अशा, की गिरणीवाल्याच्या म्हशीलाही हसू फुटावं.

वर्ग संपवायची पद्धत बाईंची स्वतःची होती. आम्ही सगळ्या एका ओळीत उभ्या राहायचो. बाई म्हणायच्या, "चूक." त्या दिवशी जिच्या हातून काही चुकलं असेल तिने एक पाऊल पुढे यायचं. काय चुकलं ते सांगायचं नाही, कोणी विचारायचं नाही. बाई तिच्याकडे बघून मान हलवायच्या, ती मागे जायची, मग सगळ्यांनी नमस्कार करून घरी जायचं. ज्या दिवसाची चूक त्याच दिवशी. एका मुलीने एकदा आदल्या दिवशीच्या चुकीसाठी पाऊल टाकलं, तर बाई म्हणाल्या, "रात्रभर सांभाळलीस ना? मग आता ठेव तुझ्याचकडे." ती मुलगी रडली. मला तेव्हा बाईंचं फार पटलं होतं.

सगळ्यांत कडक नियम हातांचा. अंगठी, बांगडी, कडं, काही चालत नसे. लाठी मनगटावर बसली तर हाड सांधता येतं, काच आत गेली तर हात जातो, असं बाई सांगायच्या. हे तपासायचं काम माझ्याकडे होतं. मी वर्गाची प्रमुख. रोज ओळीतून फिरत प्रत्येकीची दोन्ही मनगटं चेपून बघायची आणि टोकाला उभं राहून मोठ्याने सांगायचं, "हात मोकळे, बाई." त्यानंतरच वर्ग सुरू व्हायचा. ते शब्द म्हणताना माझी मान जी ताठ व्हायची, ती आठवली की आज कानकोंडं होतं.

ती आली ती मासे विकून परतताना. सातपाटीची कोळीण, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, नवीन लग्न झालेली. सासूबरोबर रोज पालघरच्या बाजारात यायची आणि परतीच्या एस.टी.ची वाट बघत दोघी आमच्या मैदानाच्या कडेला टेकायच्या. एके दिवशी डोक्यावरची रिकामी पाटी उतरवून ती सरळ बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, मना शिकवाल का?"

"तुला कशाला गं?"

"कशाला म्हंजे? या शिकतात त्या कशाला?"

बाई हसल्या. बाई हसलेल्या आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिल्या. मग त्यांनी तिच्या कासोट्याच्या, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेल्या लुगड्याकडे बोट दाखवलं आणि आम्हाला म्हणाल्या, "लाठी राहू दे, आधी हिच्याकडून नेसायला शिका. स्वतःच्या पदरात पाय अडकून पडता तुम्ही." सासूने मैदानाच्या कडेच्या दगडी गडग्यावरूनच मान डोलवली. "शिकू दे तिला. कुत्री लय झालीत वाटेला," ती म्हणाली, आणि तोंडातल्या मशेरीची पिंक टाकून निवांत बसली.

पहिल्याच दिवशी तिचं मनगट माझ्या हातात आलं आणि हिरव्या काचेच्या बांगड्या लागल्या. मी म्हटलं, "काढ." तिने निमूट काढल्या आणि सासूच्या ओटीत नेऊन ठेवल्या. वर्ग होईपर्यंत म्हातारी त्या मुठीत धरून बसली होती. पण आठवड्याने मी पुन्हा "काढ" म्हटलं, तर तिने हात मागे घेतला.

"आज नाय. तो दर्यावर हाय."

नवरा समुद्रावर असताना बायकोने हात रिकामे ठेवायचे नाहीत, हा त्यांच्या घरचा रिवाज. तिने तो मला अगदी साधेपणाने सांगितला, जणू जेवायच्या आधी हात धुवावेत असं सांगावं. समुद्राला ओढ कमी असते त्या दिवसांना ते लोक भांग म्हणतात. त्या दिवसांत होड्या किनाऱ्याला, नवरा घरी, आणि बांगड्या काढायला मोकळीक. बाकीचे दिवस नाही. बाईंनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही, सूटही दिली नाही. "मग तो घरी असेल तेव्हा येत जा," एवढंच म्हणाल्या.

तशी ती यायची. पंधरवड्यातले पाच-सहा दिवस. एवढ्यात ती आमच्या पुढे गेली. जाळी ओढलेले, पाट्या उचललेले हात ते. लाठी तिच्या मनगटात अशी फिरायची की बघत राहावं. बाईंनी तिची जोड माझ्याशी लावली. मी तिला "सावध?" विचारलं की ती ओठ दाबून हसायची आणि मग "सावध" म्हणायची. तिच्यासमोर उभी राहिले की मीही चांगली खेळायची. दुसऱ्या कोणाबरोबर मी बरी होते, तिच्याबरोबर मी देखणी दिसायची. ही गोष्ट मला कळली होती आणि इथेच माझं डोकं फिरलं.

थंडीत बोईसरला मुलींचं प्रात्यक्षिक ठरलं. तारापूरच्या बाजूला तेव्हा अणुविजेच्या केंद्राचं काम निघालं होतं. बोईसर स्टेशनवर हिंदी बोलणारी माणसं दिसू लागली होती, जीपगाड्या धूळ उडवत जात, आणि कार्यक्रमाला कोणी मोठे साहेब येणार होते. पहिली जोड आमची. पण आधीचे आठ दिवस सरावाचे, आणि त्यातले बहुतेक नेमके होड्या बाहेर असण्याचे. बाई म्हणाल्या, "ती सरावाला येणार नसेल तर जोड बदलायला लागेल."

मला तिची कणव आली होती असं आता म्हणता येईल. ते खरं नाही. मला माझी जोड हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी घरून जुन्या धोतराच्या पट्ट्या नेल्या. बाजारात तिच्यासमोर उकिडवी बसून तिला सांगितलं, "बांगड्या काढू नकोस. मनगटाच्या वर सरकव, मी वरून घट्ट बांधते. पाट्या उचलून हात दुखावलेत असं सांगू."

ती मांदेलीवर पाणी मारत राहिली. "बाई बोलतील," मग म्हणाली.

"बाईंना मी सांगणार. मी 'मोकळे' म्हटलं की बाई बघत नाहीत."

तिने सासूकडे पाहिलं. बांगड्या अंगावरून उतरत नाहीत ना, एवढंच म्हातारीने विचारलं. मी म्हटलं, नाही. तिचं तेवढ्यात समाधान झालं. लाठीतलं तिला काय कळणार होतं? कळत होतं ते मला.

तीन दिवस ठीक गेले. मी ओळीतून फिरायची, तिच्या पट्टीवर बोटं टेकवायची, खाली काच लागायची, आणि मी पुढे जायची. "हात मोकळे, बाई." पहिल्या दिवशी आवाज जरा घोगरा निघाला, दुसऱ्या दिवशी नीट निघाला. संध्याकाळी बाई "चूक" म्हणाल्या की मी समोरच्या गिरणीच्या पत्र्याकडे बघायची.

चौथ्या दिवशी मी तिला विचारलं, "सावध?" ती नेहमीसारखी ओठ दाबून हसली आणि म्हणाली, "सावध." सगळं नियमाप्रमाणे झालं. मी डोक्यावर वार केला. तो अडवताना मनगट आतून बाहेर फिरवावं लागतं, आणि पट्टी मी इतकी घट्ट बांधली होती की तिचं मनगट फिरलं नाही. लाठी पट्टीवर बसली. आवाज लाकडाचा आला नाही. कोणीतरी पायाखाली दिवा फोडावा तसा बारीक आवाज आला.

धोतराची पट्टी लाल होत गेली. बाई धावत आल्या, पट्टी सोडली आणि आत पाहिलं. मला वाटलं ती हाताकडे बघून रडेल. ती खाली बसून दुसऱ्या हाताने मातीतून काचा वेचायला लागली. एकेक तुकडा, हिरवा. "तो दर्यावर हाय," ती म्हणत होती, "बाई, तो दर्यावर हाय."

सासू गडग्यावरून कशी उतरली ते मी पाहिलं नाही. ती आली, आपल्या हातातली एक बांगडी थुंकी लावून काढली आणि रक्ताने भरलेल्या त्या हातात घालायला लागली. बाई म्हणाल्या, "आजी, आत काच आहे. टाके घालावे लागतील. बांगडी नको."

"आदी बांगडी. मंग हात बगा."

"हात जाईल तिचा!"

"आनि तो गेला तर?"

टांगा आणायला कोणी गेलं होतं. आम्ही बाकीच्या नुसत्या उभ्या होतो. बाई हळू म्हणाल्या, "बांगडी राहू दे. मी ती कोपराशी वर धरून ठेवते. टाके होईपर्यंत सोडणार नाही." म्हातारीने बाईंच्या रिकाम्या मनगटांकडे पाहिलं. विधवेच्या हातात सवाष्णीची बांगडी द्यायची, तीही अशा वेळी. मग तिने बाईंचा हात धरून त्या बांगडीवर ठेवला. दवाखान्यात पाऊण तास बाई तशाच वाकून उभ्या होत्या. पाठ भरून आली तरी बोटं हलवली नाहीत.

टाके पडल्यावर दवाखान्याच्या ओट्यावर बाईंनी मला विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती आतूनच बोलली. "हिला बोलू नका, बाई. मी हिच्या मागनं वर सरकवून बांदल्या. हिला दिसल्या नायत."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुझ्या बोटांना लागल्या नाहीत?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. एका शब्दाचं काम होतं. दुसरा एक शब्दही तेवढाच सोपा होता, पण तो माझ्या तोंडून निघाला नाही. मला वर्गातून काढून टाकतील याची भीती वाटली. साहेब येणार, आई-वडील बोईसरला येणार, शेजारचे येणार. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला या गोष्टी डोंगराएवढ्या वाटतात, असं म्हणून मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. समजूत पटत नाही. ती माझ्याहून फार मोठी नव्हती.

तिचा नवरा तिसऱ्या दिवशी होडी भरून सुखरूप आला. समुद्राने काही केलं नाही. जे केलं ते मी केलं.

हात राहिला, पण डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटेनात. बोईसरचं प्रात्यक्षिक झालं. सफाळ्याची एक मुलगी माझ्यासमोर उभी राहिली, टाळ्या पडल्या, साहेबांनी माझ्या शिस्तीचं कौतुक केलं. मला मिळालेली पितळी वाटी आईने कित्येक वर्षं फळीवर मांडली होती. पुढे बाजारात ती तीन बोटांनी बोंबील धरून कापताना दिसायची, उरलेली दोन बोटं बाजूला उघडी. आईने मासे आणायला पाठवलं की मी पलीकडच्या रांगेतून घ्यायची. एकदा तिने लांबून हाक मारली, "ये गो, ताजं हाय!" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पण हे सगळं नंतरचं. मला जे सांगायचं आहे ते बोईसरच्या आधीच्या दोन संध्याकाळींचं आहे.

भांगाचे दिवस आले होते. वर्ग संपत आला असताना ती आली. हाताला पट्टी, बांगड्या नाहीत. गडग्यापाशी सासू होती आणि तिच्याशेजारी एक काळासावळा, लाजरा तरुण. दोन्ही पाट्या एकात एक घालून त्याच्याच डोक्यावर होत्या. बाजारातल्या माणसांनी त्याची टिंगल केली असणार. तिचा नवरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बाईंनी घरी सरावाला दिलेली लाठी परत करायला ती आली होती. बाईंनी तिला काही विचारलं नाही. आम्ही ओळीत उभ्या होतो, ती येऊन ओळीच्या शेवटाला उभी राहिली.

बाई म्हणाल्या, "चूक."

ती एक पाऊल पुढे आली.

त्या दिवशी ती खेळलीसुद्धा नव्हती. तिचं काय चुकणार होतं? कालचं आज चालत नाही हा नियम तिला माहीत होता. तरी ती पुढे येऊन उभी राहिली, खाली बघत, आणि सगळ्या मुलींना वाटलं, बरोबर आहे, हिनेच लपवलं होतं. बाईंनी मान हलवली नाही. त्या ओळीकडे बघत थांबल्या. माझ्याकडे नाही, ओळीकडे. नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ थांबल्या. गिरणीचा पट्टा बंद झाला होता आणि मला माझाच श्वास ऐकू येत होता. माझा उजवा पाय उचलायला किती जोर लागला असता? तेवढा जोर मी तिच्यावर वार करताना सहज लावला होता. मी हलले नाही.

शेवटी बाईंनी मान हलवली. ती मागे गेली, आम्ही नमस्कार केला. जाताना तिने लाठी माझ्याकडे आणून दिली. फेकली नाही, दोन्ही हातांनी आडवी दिली. डावीकडची दोन बोटं लाठीला धरत नव्हती. "घे गो," ती म्हणाली, "बोईसरला नीट कर." आणि पुन्हा तशीच ओठ दाबून हसली. मग नवऱ्याच्या मागोमाग एस.टी.कडे गेली. ती पुन्हा मैदानात आली नाही.

ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेले. मनगटं तपासली, "हात मोकळे, बाई" म्हटलं, तासभर काय खेळले ते आठवत नाही. वर्ग संपला. ओळ उभी राहिली. बाई म्हणाल्या, "चूक," आणि मी पाऊल पुढे टाकलं. मला वाटलं, आता बाई विचारतील. नियम मोडून विचारतील, आणि मी सगळं सांगेन.

बाई माझ्याकडे शांतपणे बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. दवाखान्यातच कळलं असेल.

"आज तुझं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "मागे हो."

मी मागे झाले. ओळ सरळ झाली आणि आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला.